हाताने घातलेलं कुंपण

३ एप्रिल
पोचले एकदाची! कलामा शहरातून निघालेली बस वाळवंटातून हेलकावे खात आली आणि दुपारच्या जेवणाला मी छावणीत हजर. खोली ऐसपैस आहे, खिडकीतून थेट गेट दिसतं. आकाशाचा वेध घेणाऱ्या अँटेना मात्र इथे नाहीत, त्या खूप वर, पठारावर. तिथे हवा विरळ, प्राणवायूच्या नळ्या नाकात घालून जावं लागतं म्हणे. मला जायचं नाही, मी खालची.

माझं काम चित्रं साफ करण्याचं. दूरच्या दीर्घिकांमधला वायू कुठे चाललाय, कुठे साचतोय, कुठे त्याचे तारे होतायत, हे अँटेना टिपतात. पण चित्र येतं बरबटलेलं. मग जिथे वायू आहे असं खात्रीनं वाटतं, त्याभोवती आपण हातानं रेघ ओढायची. तिला इथे कुंपण म्हणतात. संगणक कुंपणातला सगळ्यांत ठळक ठिपका शोधतो, त्यातलं चिमूटभर काढून घेतो, मग पुन्हा जो ठळक असेल त्यातलं चिमूटभर. आत नुसता गाळ उरेपर्यंत तो थांबत नाही.

आमच्या पाळीचे प्रमुख एलेओदोरोकाका, इथल्याच तोकोनाओ गावचे. भारी खवचट म्हातारा! माझी बॅग बघून म्हणाले, आठ दिवसांसाठी आलीस की नांदायला? मग जरा गंभीर होऊन बजावलं की पोरी, जिथे काही नाही तिथे कुंपण घालायचं नाही. यंत्राला आत काहीतरी सापडावंच लागतं, नसलं तर ते कुठून तरी आणतं.

स्वयंपाकघरात नोल्फामावशी. लालभडक एप्रन आणि त्याहून भडक आवाज, दिवसभर गात असते. मला 'काडी' म्हणते. काझुएलाचा, म्हणजे मांस-भाज्यांच्या रश्शाचा, दुसरा वाडगा न विचारता वाढला.

लेकीला, अमांकायला फोन केला. एफ्राईनमामानं तिला शाळेत सोडलं होतं. पहिलीत जाऊन महिना झाला, आणि बाईसाहेबांना फक्त 'आई' एवढाच शब्द वाचता येतो. दुकानाच्या पाट्यांवर तोच शोधत फिरते! चौदा तारखेला सात वर्षांची होईल. अकराला माझी पाळी संपते. केकवरच्या मेणबत्त्या मीच लावणार असं कबूल केलंय.

५ एप्रिल
मला दिलेल्या दीर्घिकेचा प्रकाश अकरा अब्ज वर्षं प्रवास करून आलाय. तिथे तारे असे भराभर जन्मतायत की इतका वायू येतो कुठून, हेच कुणाला कळत नाही. आज सकाळी तिच्या शेजारी एक पुसट डाग दिसला. तो आत कोसळणारा वायू असेल तर? तर मला कायमची नोकरी, अँतोफागास्ता शहरात घर, आणि अमांकाय माझ्याजवळ.

खात्री नव्हती. तरी कुंपण घातलं. ओढता ओढता या कोरड्या हवेनं ठसका लागला, हात हलला आणि डाव्या बाजूला एक खाच पडली. म्हटलं, राहू दे.

तासाभरात डाग लखलखीत झाला.

६ एप्रिल
काकांनी विचारलं, खात्री होती ना? मी हो म्हणाले. खोटं बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशीनं माझ्या नावानं सोपाइपिया, भोपळ्याच्या पुऱ्या, तळल्या.

वायूच्या प्रत्येक वेगाचं वेगळं चित्र असतं. एवढासा डाग एक-दोन चित्रांत दिसावा. हा पुढच्या प्रत्येक चित्रात आहे आणि प्रत्येकात आधीपेक्षा जास्त वेगानं आपल्याकडे येतोय. काकांनी चित्रं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. म्हणाले, वायू असा वागत नाही गं. कोणाला बोलावणं धाडलंस?

८ एप्रिल
मावशी गात नाही. काल थोडं कमी गायली, आज गुणगुणलीही नाही. एप्रनचा लाल रंग दोन दिवसांत गुलाबी झालाय. विचारलं तर म्हणाली, बरी आहे. मला काडी म्हणाली नाही.

जेवून छावणीभोवती चक्कर मारली. खडीवर एक पांढरी रेघ आहे, मिठाच्या पट्ट्यासारखी. गेटच्या बाहेर दहा पावलांवरून जाते आणि पूर्ण छावणीला वळसा घालते. पाण्याच्या टाकीपाशी तिला खाच आहे. माझ्या चित्राचा कागद खिशात होता, तो काढून पाहिला.

तीच खाच. माझ्या ठसक्याची.

९ एप्रिल
आता समजलं. कुंपणाच्या आत आम्ही आहोत, आणि मावशी आमच्यात सगळ्यांत ठळक होती. चिमूटचिमूट करत तिला इतरांएवढं केलं. आता काकांची पाळी. सकाळपासून एक टोमणा नाही. डोळे पाण्यात भिजवून वाळवल्यासारखे.

संगणकावरचं कुंपण मी पुसलं. दुपारी परत आलं. तारीख पाचचीच, नाव माझंच.

काकांना खरं सांगितलं. मी रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं.

११ एप्रिल
घरी जायची बस. गेटमधून निघालो, पांढऱ्या रेघेपर्यंत गेलो, आणि समोर पुन्हा गेट. तीन वेळा. चालक म्हणाला, आलो, उतरा. बॅगा घेऊन उतरले सगळे.

आत येता येतं. भाजीची गाडी परवा आली. अजून इथेच उभी आहे.

१२ एप्रिल
निरोप पाठवते ते कोरे जातात. पेन तेच आहे, अक्षर फिकं होतंय. एकेक शब्द दोनदा गिरवते.

काका आणि मावशी समोरासमोर बसून असतात. त्यांच्यातलं कोण कोण, ते लगेच कळत नाही.

माझ्यामुळे. कायमच्या नोकरीसाठी.

१३ एप्रिल
छावणीच्या फोनवर एफ्राईन. खाली सान पेद्रो गावात आलाय, अमांकायला घेऊन. वाढदिवसाला आई येत नाही तर आपण आईकडे जाऊ म्हणाली म्हणे. मी ओरडले, येऊ नका. जीव खाऊन ओरडले. तो हॅलो, हॅलो, कोणी आहे का—

मागून तिचा आवाज. किती मोठा आवाज आहे माझ्या पोरीचा.

फोन ठेवला त्यानं. पुन्हा लावला तर लागेना.

१४ एप्रिल
खिडकीशी. उठवत नाही. गेटपर्यंत चालणं तर—

वहीची चार पानं फाडली. एका पानावर एक शब्द, दहा-दहा वेळा गिरवून. काचेला चिकटवली.
आत
येऊ
नकोस
आई

गाडी आली. रेघेच्या पलीकडे थांबली. एफ्राईन उतरला, चाक बघतोय, पाठ इकडे. वळ ना. वळ रे—

ती उतरली. पिवळा स्वेटर. इतकं पिवळं कितीतरी दिवसांत पाहिलं नाही. छावणीतली सगळी माणसं बाहेर येऊन तिच्याकडे बघतायत—

तिला पानं दिसली. एकेका पानाकडे बोट करत वाचतेय. पहिलं नाही. दुसरं नाही. तिसरं—

चौथं का लावलं मी. सवयीनं. पत्राखाली लिहितात तसं—

हसली. वाचता आलं तिला. धावत—