दोन विहिरींचा एक मासा

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला वेडेपणाचं वाटतं. पण आज मारेगावला तुझ्या कॉलेजचे मोठे सर येऊन गेले, आणि आईशी बोलण्यात अर्थ नाही. ती नुसती हरखून बसली आहे.

तू औषधात घालून ठेवलेल्या माशांच्या दोन बाटल्या सर मागत होते, एकेका विहिरीची एकेक. फार गोड बोलत होते. चहा मात्र अर्धाच प्यायले. साखर जास्त झाली होती, की कप आपल्या घरचा होता म्हणून? मी बराच वेळ त्या कपाकडे बघत बसले.

आठवतं, ते मासे कसे मिळाले? आपल्या वस्तीच्या विहिरीतले तू स्वतः धरलेस. गावविहिरीला मात्र, आपण बौद्ध दीक्षा घेतली तरी, हात लावू दिला नाही. तुझ्या वर्गमित्राने बादली काढून वरून ओतली, तू खाली घमेलं धरलंस. बोटाएवढे मासे, डोक्यावर पांढरा ठिपका. त्यांच्या कुळाची वर्गवारी लिहायचा तुला ध्यास होता. तिकडचे टपोरे, आपले सडपातळ, फिकट. सर म्हणाले, दोन वेगळे प्रकार.

तुला पटलं नाही. "पाणी येगळं, खाणं येगळं, म्हणून अंग येगळं. मासा तोच हाये," म्हणत तू दोन्हीकडचे एका माठात सोडलेस आणि मला डासांच्या अळ्या गोळा करायला लावलंस. किती वैताग दिलास रे! शेवाळात अंडी आली, पिलं झाली, त्या पिलांनाही पिलं झाली. दोन प्रकार असते तर वंश असा पुढे चालला नसता, तू म्हणालास. तू सरांना सांगितलंस. त्यांनी तुला दुसरंच काम काढून दिलं. मग तुला ताप आला आणि तू गेलास.

आता म्हणतात, आपल्या विहिरीचा मासा नवा प्रकार म्हणून छापू, त्याला तुझं नाव देऊ. तू होतास तेव्हा ऐकलं नाही, आता एवढा पुळका कशाचा?

"पोराचं नाव छापून येऊन राह्यलं, तुले काहून खुपते वं?" आई म्हणते.

सर मनाने वाईट नसतीलही. मला खात्री नाही. म्हणून बाटल्या दिल्या नाहीत. ते परत येतील तेव्हा आधी त्यांना माठापाशी बसवीन, त्यातली पिलं अजून जिवंत आहेत. आई रडेल, रडू दे. तुझं नाव कुठल्याच माशाला लागलं नाही तरी चालेल, पण आपल्या विहिरीचा मासा वेगळा आहे, हे तुझ्या नावावर मी कुणाला लिहू देणार नाही.

तुझी संशयी बहीण,
सुमन