फोनवरचे उपाशी

प्रिय राणीसाहेब,

काल फोनवर मुलांनी 'मामा आम्हाला उपाशी ठेवतो' असं सांगितलं आणि तू इस्पितळात सामान आवरायला घेतलंस, हे सिस्टरांकडून कळलं. उपचार अजून अर्धेही झालेले नाहीत, बाई. आधी आरोपीचं म्हणणं तरी ऐकून घे.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे मान्य. शाळेत दिवसभर पोरांकडून विभक्ती घोकून घ्यायच्या, घरी येऊन बूट न काढताच डाळ धुवायला लागायचं, आणि थोरलीने गाजराचा तुकडा बोटाने बाजूला सारत म्हणायचं, 'आई असं नाही करत.' कसं करते, ते मात्र तिला सांगता यायचं नाही. धाकट्याला हिरवं दिसलं की तोंडाला कुलूप. माझा स्वयंपाक म्हणजे मौनव्रताची दीक्षाच!

मग एके दिवशी माझं मनगट इतकं दुखत होतं, की भोपळा, मसूर आणि पालक शिजवलेलं पातेलं निवल्यावर खाली ठेवलं आणि रवी धाकट्याच्या हातात दिली. त्याने असं काही घोटलं, की भिंतीलाही चार घास मिळाले. थोरलीने वर लिंबू पिळलं. दोघांनी भातावर घेऊन पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं. कर्ता तोच, भोक्ता तोच. मी आपला भांडी घासायला. तेव्हापासून वाटाणे, चवळी, बटाटे, बाजारात जे स्वस्त मिळेल ते आम्ही घोटतो. माझी कंबर मोडलीय, पण धाकट्याची चड्डी त्याला घट्ट व्हायला लागलीय.

काल तुझा फोन ठेवल्यावर थोरलीला विचारलं, 'अगं, दोनदा भात घेतलास ना? मग उपाशी कोण?' ती जराही ओशाळली नाही. 'मामा, तुला कळत कसं नाही? आम्ही नीट जेवतो म्हटलं, तर आई लवकर कशाला येईल?' धाकट्याने नुसती मान डोलावली. तोंडात घास होता.

मला रागावताही आलं नाही. खरं सांगू? मीही फार थकलोय. तू उद्या दारात उभी राहिलीस, तर सगळ्यांत आधी मलाच हायसं वाटेल. फोनवर ते तुझ्या लक्षात आलं असतं, म्हणून लिहितोय. मुलं पोटभर जेवतात. डॉक्टर जा म्हणेपर्यंत तिथून हलू नकोस. आणि हे तुला कळलंय, हे त्यांना कळू देऊ नकोस. पुढच्या वेळी दोघं फोनवर उपाशी असली, की थोडी हळहळ.

तुझाच,
दादा