निरोगी नमुना क्रमांक सात

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, गाडीत बसून लिहितेय. रखवालदाराच्या हाती आत पाठवेन. एवढ्या जवळ असून पत्र कसलं, म्हणशील. पण शेवटपर्यंत वाच. गेल्या महिन्यात तू आमच्या प्रयोगशाळेत रक्त दिलंस, त्याबद्दल आहे.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागलं की घरच्यांनाच पकडून आणायचं, ही आमच्याकडची पद्धत. बाही वर करताना तू म्हणालास की लहानपणी माझा खाऊ खाल्लास, आता रक्त पी. तुझ्या नळीवर सात हा आकडा मीच चिकटवला. मी काय काम करते हे मात्र तुला कधी धड सांगितलं नाही. पेशींमध्ये काही आरएनए असे असतात, की त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. पण कच्च्या रक्तपेशीने पिकून कामाला कधी लागायचं, यात त्यांचा हात असतो. मी ज्या आरएनएच्या मागे आहे, तो आमच्या रुग्णांमध्ये वाढलेला दिसतो. त्यांच्या पेशी कच्च्याच राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात.

सात नंबरमध्येही तो वाढलेला निघाला. मी चिडले. नळ्यांची अदलाबदल केली म्हणून सोबतच्या मुलीला नको नको ते बोलले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अहवाल तोंडावर आला होता आणि तुझा एक ठिपका माझ्या आलेखाची वाट लावत होता. मी 'नमुना खराब' असं लिहून तो काढून टाकला.

काल आईचा फोन आला. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तू ब्रश बदललास, जिना चढताना तुला धाप लागते, असं ती सहज बोलून गेली. तुझ्या रक्ताची काचपट्टी डब्यात तशीच होती, ती आज सकाळी रक्तविकाराच्या डॉक्टरबाईंना दाखवली. त्यांनाही त्यात कच्च्या पेशीच जास्त दिसल्या. खात्री अस्थिमज्जा तपासल्यावरच होईल, पण त्याला आजच घेऊन ये, म्हणाल्या.

तोंडावर सांगितलं असतं तर अर्धं ऐकूनच तू 'जाऊ दे गं' म्हणाला असतास. नेहमी तसंच करतोस. म्हणून लिहून देतेय. तुझा आजार मला तीन आठवड्यांपूर्वी दिसला होता, आणि आलेख बिघडतो म्हणून मी तो पुसला. मला खूप भीती वाटतेय, दादा. हवं तेवढं रागाव, पण आधी बाहेर ये. डॉक्टरबाई चारपर्यंतच आहेत.

तुझीच,
टिल्ली