पुसलेली तारीख

२ मार्च

मिरीची कास भरायला लागली म्हणून डॉक्टरांना बोलावलं. तपासून म्हणाले, ‘आठवडा लागेल, नाहीतर महिना.’ वा! एवढं मलाही सांगता आलं असतं. पण त्यांना तरी काय बोलणार? ‘घोडीला घोडा कधी दाखवला होता?’ या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

तारीख होती. तिच्या ठाणाच्या दारावर, आतल्या बाजूला, खडूने. दादाच्या अक्षरात. बाबांची शिस्तच ती — ‘वही हरवते. दार कुठे जातंय?’ मागच्या मे महिन्यात वाटणी झाली. घोडा दादाकडे गेला, मिरी आणि तबेला माझ्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी बादलीभर पाणी घेऊन मी ते दार घासून काढलं. का, तर दादाचं अक्षर डोळ्यांसमोर नको! काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. ती गाभण आहे हे पुढे दोन महिन्यांनी कळलं. तोवर दार लख्ख!

५ मार्च

काही नाही. गवत खाते, माझ्याकडे बघते, परत गवत खाते.

८ मार्च

जेवण तबेल्यातच. झोपही तिथेच, तुकड्यातुकड्यांनी. सकाळच्या शिकवणीला एका मुलीला उलट्या बाजूने खोगिरावर चढवत होतो. तिची आई म्हणाली, ‘सर, तुम्हाला बरं नाही का?’

बायको डबा घेऊन आली. मला बघून हसली. ‘माझ्या दोन्ही बाळंतपणांत कधी एवढे जागला होता का?’ मग हळूच म्हणाली, ‘दादांना एक फोन करा ना. त्यांना तारीख तोंडपाठ असेल.’

‘नाही करणार.’

‘मग बसा अंडी उबवत!’

दादाचं घर इथून तीन गल्ल्या. दहा महिन्यांत एकदाही त्या बाजूला वळलो नाही. सामान आणायचं तरी लांबून वळसा घालतो.

१२ मार्च

डॉक्टर परत आले. आज थट्टा नव्हती. ‘सोळा वर्षांची घोडी आहे. हे शेवटचंच समजा. आणि मागच्यासारखा शिंगराभोवतीचा पडदा फाटला नाही, तर हातात दोन-चार मिनिटं असतात. कोणीतरी जवळ पाहिजेच. डोळे उघडे असलेलं कोणीतरी!’ शेवटचं वाक्य माझ्या तोंडाकडे बघून.

मागच्यासारखा. हो.

१५ मार्च

दुपारी उठबस सुरू झाली, मानेला घाम. धावपळ केली, गरम पाणी काढलं, टॉवेल आणले, शिकवणी रद्द केली. तासाभराने बाईसाहेब शांतपणे उभ्या राहिल्या आणि ढेकूळभर लीद टाकली. पोट दुखत होतं, बाकी काही नाही. हसावं की रडावं!

१९ मार्च

आज लिहूनच टाकतो. हे पान कोण वाचणार आहे?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरीचं तेव्हाही असंच होतं. दादाने सलग दोन रात्री पहारा दिला होता. तिसऱ्या दिवशी पहाटेची पाळीही त्याचीच. त्याचे डोळे लाल झालेले बघून मी म्हटलं, ‘तू जा, पड जरा. मी बसतो.’ तो गेला. मी बसलो. थोडा वेळ. मग दाण्याच्या खोलीत गोण्यांवर जरा पाठ टेकली.

जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं. शिंगरू पडद्यातच गेलेलं. पूर्ण वाढलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. मिरी त्याला चाटत होती.

अंगणात बाबा उभे. ‘पहारा कोणाचा होता?’ मी तोंड उघडायच्या आधी दादा म्हणाला, ‘माझा.’ मला वाटलं, आपण पाळी बदलली हे झोपेत तो विसरला. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. बाबा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी गप्प. मग बाबाच गेले. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

याच्यापुढचं लिहायलाही हात धजत नाही. वाटणीच्या दिवशी घोडीवरून अडलं. दोघांनाही मिरीच हवी होती. तेव्हा मी सगळ्यांदेखत, मामांसमोर, वहिनींसमोर ओरडलो — ‘याच्या हातून एक शिंगरू मेलंय! याला घोडी कशी द्यायची?’

दादाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, ‘घेऊन जा.’

अशी मिळाली मला मिरी. लाज वाटते.

२२ मार्च

आज भर दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. दचकून उठलो तर मिरी समोर उभी, धडधाकट. सडांवर मेणासारखे थेंब दिसतायत, म्हणजे आता दोन-तीन दिवसच. एकट्याच्याने हे होणार नाही. परत तेच होईल, परत माझ्याच हातून.

२३ मार्च

बायकोला मिरीजवळ बसवलं आणि गेलो. तीन गल्ल्या! वाटेत दोनदा परत फिरलो.

दार वहिनींनी उघडलं. ‘या भाऊजी,’ म्हणाल्या, कालच येऊन गेल्यासारखं. दादा आतून आला. केस पांढरे झालेत त्याचे. मी काही बोलायच्या आधीच —

‘मिरी?’

‘तारीख पाहिजे होती. माझ्याकडून दार... पुसलं गेलं.’

‘एकवीस एप्रिल,’ लगेच म्हणाला. ‘अरे, मग भरलेच की अकरा महिने! आत्ता कोण आहे तिच्यापाशी?’ आणि पायांत चपला सरकवायला लागलासुद्धा. मी ‘ये’ म्हटलंच नव्हतं. वहिनी मागून ओरडल्या, ‘निदान शर्ट तरी बदला!’

मिरीने त्याला लांबूनच ओळखलं. केवढी खिंकाळली! माझ्यासाठी कधी खिंकाळली नाही.

२४ मार्च

आळीपाळीने पहारा. बोलणं फक्त घोडीचं. ‘पाणी पाज.’ ‘गवत बदल.’ जे बोलायचं ते दहा वेळा ओठांवर आलं, दहा वेळा गिळलं.

२५ मार्च

झालं! सकाळी अकराला. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती. पाणमोट फुटली, पुढचे पाय दिसले, डोकं आलं — आणि पडदा तसाच, घट्ट! मी बघतच राहिलो. हात हलेनात माझे. दादाने मला बाजूला ढकललं, गुडघ्यावर बसून बोटांनी पडदा फाडला, नाकातोंडातलं काढलं, चोळलं, शिव्या दिल्या, परत चोळलं. मग एक फुरफुर!

मादी आहे. तासाभरात उभी राहिली, चारही पाय चार दिशांना. बायको रडत होती. दादाही. मी बाहेर जाऊन बादल्या धूत बसलो.

२६ मार्च

आज सांगितलं. दादा शिंगराला पुसत होता. म्हटलं, ‘दादा, त्या दिवशी पहारा माझा होता. मी आत गोण्यांवर झोपलो होतो.’

तो पुसतच राहिला. ‘माहीत आहे. शिंगरू गेलेलं बघून तुला उठवायलाच आलो होतो. पण लहानपणी झोपायचास तसा झोपला होतास, तोंड उघडं टाकून. उठवावंसं वाटेना. तुझ्या अंगावर झूल टाकली आणि बाबांना बोलवायला गेलो.’

म्हणजे वाटणीच्या दिवशी मी ओरडत होतो, तेव्हाही त्याला माहीत होतं.