गुरुवारची तळमजल्याची खोली

प्रिय वन्सं,

गुरुवारी शिर्डीला जाऊन आले. घरी विचारलं तेव्हा "झालं सगळं नीट" एवढंच सांगितलं. मला जास्त बोलायला जमत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण जे झालं ते कुणाला तरी पूर्ण सांगायला हवं, आणि ते तुम्हालाच सांगायला हवं. काम तुमचं होतं ना!

तुमचं दिवसकार्य उरकल्यावर मी पहिल्यांदा कॉम्प्युटर लावला. इंटरनेटसाठी फिरवायचा पुण्याचा नंबर लागता लागेना. शेवटी लागला, तर तुमच्या नावावर मस्कतच्या बाईंची मेल. "आम्ही गुरुवारी शिर्डीला पोचतो आहोत. सासऱ्यांना जिना चढवत नाही. तुम्ही तळमजल्याची खोली नक्की म्हणालात म्हणून आणायचा धीर झाला." तुम्ही गेल्याचं त्यांना कुठून माहीत असणार? मी उलट मेल पाठवली. उत्तर आलं नाही. निघाले असावेत.

लगेच लॉजमालक अण्णांना फोन केला.

"कुठली खोली, वहिनी?"

"वन्संनी सांगितली होती. मस्कतच्या पाहुण्यांची."

"सांगितली व्हती खरी. मी म्हनलं, बघू. गुरुवारी खोली राखून ठेवत न्हाई मी. ज्याचं सामान आत, त्याची खोली. आमच्या आख्ख्या गल्लीत हीच रीत हाय."

वन्सं, त्यांच्या "बघू"वर तुम्ही "नक्की" लिहून मोकळ्या झालात? राग आला हो मला. आधी तुमच्यावर, मग तुम्ही अशा अचानक निघून गेलात त्यावर.

पण "बघू" तरी दुसरं कोण म्हणालं होतं तुम्हाला? केडगावात टायपिंगचा क्लास बरा चालला होता, तो सोडून तुम्ही लॉजवाल्यांच्या जाहिराती इंटरनेटवर करायच्या म्हणालात, तेव्हा हे सुद्धा हसले होते. शिर्डीत एकाही लॉजवर कॉम्प्युटर नव्हता. दाखवायचं कसं? तुम्ही इंटरनेटवरचं पान कागदावर छापून नेलंत आणि अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हा तर कागद हाय, ताई. ह्याच्यातली जाहिरात कुठं हाय?" घरी येऊन तुम्ही त्यांची नक्कल केलीत, आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन एकदम गप्प बसलात. मी चहा पुढे ठेवला, विचारलं काहीच नाही. विचारायला हवं होतं का?

आणि तो फोन! पानावर नंबर आपल्या घरचा, आणि आपण सारा दिवस नेटवर बसून कुणाची मेल येते का बघतोय. नेटही त्याच फोनवरून, म्हणून लाईन अडकलेली. गिऱ्हाईक फोन करणार कसं? शेवटी शेजारच्या काकू दारात आल्या, "अगं, माझ्या भावाला तुमचा फोन लागतच नाही, कायम एंगेज!" तेव्हा कुठे आपल्या डोक्यात प्रकाश पडला. किती हसलात तुम्ही. माझ्या मनात मात्र आलं, असे किती जण फोन करकरून दुसरीकडे गेले असतील?

सगळं करून पहिले खरे पाहुणे मिळाले ते हे मस्कतचे. त्यांची खोली गेली असती तर तुमचा शब्द खोटा पडला असता. तोही तुम्ही तो राखायला नसताना. ते मला सहन झालं नसतं.

म्हणून गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघाले. तुमचीच निळी बॅग घेतली, त्यात दोन साड्या टाकल्या. तळमजल्याची खोली नुकतीच रिकामी झाली होती, बाई फरशी पुसत होती. मी बॅग आत ठेवली आणि दारात खुर्ची ओढून बसले.

अण्णा आले. "वहिनी, हे काय?"

"सामान आत आहे, अण्णा."

"तुमी ऱ्हानार हाय का हितं?"

"पाहुणे येतायत."

"कुटं हायेत?"

"रस्त्यात."

ते कपाळावर हात मारून गेले. दुपारपर्यंत काउंटरवर ही गर्दी! सुरतेची एक मंडळी आली, बरोबर लहान मुलं. त्यांतली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आप अकेली हो? तो कमरा हमें दे दो ना." काय सांगू मी तिला? अण्णा लांबून बघत होते. मी मान खाली घालून "मेहमान आ रहे हैं" म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझाच आवाज मला खोटा वाटला.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या खुर्चीत बसून माझ्या मनात आलं, ही माणसं खरंच आहेत का? ना आपण त्यांना पाहिलं, ना आवाज ऐकला. पडद्यावरच्या चार ओळी, त्याही इंग्रजीत. कुणी चेष्टा केली असली तर? अण्णांचं तरी काय चुकत होतं मग? तुम्हाला कधी अशी शंका आली होती का? आली असेल तर बोलला नाहीत कधी.

अण्णा परत आले. या वेळी आवाज चढलेला. "लई झालं आता. आरती होईस्तोवर बगतो. मग बॅग भाईर."

आरती झाली. लोक गल्लीत परतू लागले. मी उठले नाही. अण्णांनी आत जाऊन बॅग उचलली तेव्हाही नाही. मी म्हटलं, "अण्णा, ती खाली ठेवा." मोठ्यानं म्हटलं. काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली.

त्याच गडबडीत मनमाडहून आलेली गाडी दाराशी लागली. आधी एक बाई उतरल्या, मग दोघांनी मिळून एका म्हाताऱ्या गृहस्थांना उतरवलं. बाई थेट माझ्याकडे आल्या. "कुसुमताई ना तुम्ही?"

वन्सं, तुम्ही गेलात, तुमच्या भावजयीला एवढंही सांगता आलं नाही. अण्णांच्या हातात बॅग तशीच होती. तेच म्हणाले, "कुसुमताई वारल्या. ह्या त्यांच्या वहिनी. सकाळपासनं तुमची खोली धरून बसल्यात."

बाईंचे सासरे मी पुढे केलेली खुर्ची धरून हळूच बसले, दम खाऊन म्हणाले, "मला वाटलं नव्हतं या जन्मी येणं होईल. त्या बाईंनी या म्हटलं, म्हणून आलो." मग मात्र मला रडू आवरलं नाही.

त्यांनी तुमच्यासाठी खजूर आणला होता. मी तो फोटोपुढे ठेवला नाही. आपल्या मुलांना वाटून टाकला. तुम्ही तेच केलं असतं.

निघताना अण्णांनी हाक मारली. "वहिनी, फुडच्या गुरुवारी हाय का कोनी तुमच्या त्या मशीनवर?"

"अजून नाही, अण्णा."

"मग आना की!"

वन्सं, मी वचन देते. आधी "नक्की" लिहून मग धावाधाव करणं मला जमणार नाही. मी आधी लॉजवर जाईन, समोर उभी राहून विचारीन, आणि "हो" आल्यावरच लिहीन. अण्णा नाही म्हणाले तर पलीकडच्या दारात जाऊन विचारीन. उद्या दुपारी मुलं शाळेत गेली की सुरुवात करते. पानावर तुमच्या नावाखाली माझंही नाव घालते आहे. चालेल ना?

तुमची,
शोभा