एका बोटाने मिटणाऱ्या दारांच्या गाडीची व्यवस्था

माझ्या हाताने केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

जुन्या मोरपंखी मोटारीच्या तळाचा सगळा पत्रा, पुढपासून मागपर्यंत. दोन्ही बाजूंचे उंबरे, म्हणजे दारांखालच्या ज्या पट्टीवर पाय ठेवून माणूस आत बसतो त्या. चारही दारांचे खालचे पत्रे. डाव्या मडगार्डची कड. उजव्याची कड मूळची आहे, ती मी केलेली नाही. डॅशबोर्डवरची लाकडी पट्टी. सगळे वायरिंग. मागची काच खाली करायचे हँडल, जे कुठेच विकत मिळाले नाही म्हणून पितळेत ओतले आणि कानशीने घासून आकारात आणले. याखेरीज गॅरेज, त्यातले टेबल, आणि घराचा जिना.

मी न केलेल्या वस्तू: काचा, टायर, बंपरची चकाकी (ती प्लेटिंगवाल्याची), सीटा (त्या कुशनवाल्याच्या). ज्याचे त्याला.

मी, सदर गाडीचा मालक, वय छप्पन्न, व्यवसाय मोटारदुरुस्ती, शिक्षण आठवी आणि पुढचे माझे मी, आज पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या धाकात नसताना आणि कुणी मिनतवारी केलेली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. मरायची घाई नाही. लिहायला बसण्याचे कारण एवढेच की गेल्या रविवारी जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आत्ता कितीही नाही म्हणा. तुमच्यामागे आम्हीच ठरवणार ना?"

नाही. तुम्ही नाही ठरवणार. मी ठरवून ठेवतो आहे.

वाद काय आहे ते सरळ सांगतो. ही गाडी मूळची एका वकीलबाईंची. त्यांनी ती मोठ्या रस्त्यावरच्या वर्कशॉपात नवी करायला टाकली. त्याच वर्कशॉपात आता चिरंजीव शेठच्या हाताखाली गिऱ्हाईक सांभाळतात. या गाडीला वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा हाच तिचा कणा. तो कापायचा तर आधी दारांच्या चौकटींत लोखंडी अँगल जोडून अंग आवळून घ्यायचे, मग कटर हातात धरायचा. शेठच्या माणसांनी दारे उतरवली, सीटा काढल्या, आणि एकही अँगल न जोडता तळ कापून ओढून काढला. गाडी जुन्या खाटेसारखी मधोमध बसली. त्या वाकलेल्या अंगावरच त्यांनी नवा पत्रा जोडला. मग दारे लागेनात. तेव्हा अंग सरळ करायचे सोडून दारेच ठोकून चपटी केली. वकीलबाई खेटे घालून थकल्या आणि गाडी भंगारात गेली. तिथून ती मी आणली.

मी त्यांचा तळ पुन्हा काढला. आधी अँगल जोडले, खाली जॅक लावले. रोज सकाळी जॅकला जरासा फेरा द्यायचा, दार लावून बघायचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसायचे. घाई केली की पत्रा रुसतो. शेवटी चारही दारांभोवतीची फट अशी सारखी झाली की आगपेटीची काडी कुठेही घाला, तेवढीच घट्ट जाणार. तेव्हा मी सौ.ना बोलावले. त्यांनी एका बोटाने दार ढकलले. टक्. एवढाच आवाज.

त्या म्हणाल्या, "छान झालं. आता आपल्या न्हाणीघराचं दार कधी बसवताय?"

यंदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात हिचा पहिला नंबर आला, आणि लगोलग शेठ गॅरेजच्या दारात. मागे चिरंजीव, हातात टाइप केलेला कागद. गाडीच्या बॉडीचे काम शेठच्या वर्कशॉपात झाले आणि मी तिथे मदतनीस होतो, असे त्यात लिहिले होते. खाली माझ्या सहीची जागा. गाडी माझीच राहणार होती. फक्त दारावर त्यांच्या वर्कशॉपची पितळी पाटी बसणार होती.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "बॉडी पहिल्यांदा उघडली आमच्याकडेच ना? मग काम आमचंच की."

"उघडली तुम्ही, शेठ. मिटली मी."

"अहो, असं काय करता? घरचाच मामला आहे. तुमचा मुलगा आमच्याकडे, आमची गाडी तुमच्याकडे."

"आमची म्हणजे कोणाची?"

चिरंजीव मध्ये पडले. "बाबा, एका सहीनं तुमचं काय जातं?"

"सगळं जातं. तू चहा घेणार आहेस का?"

शेठने एक बोली केली. मी नाही म्हणालो. चहा कुणीच घेतला नाही. आता माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची वाटणी अशी:

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक सौ.ना. त्यांच्या हयातीत "आई, तुला एकटीला एवढं घर कशाला" हा विषय कुणी काढू नये. ज्याला फारच सुचेल त्याने स्वतःच्या घरात बसून सुचवावे.

कलम २. मोरपंखी गाडी सूनबाईंना, त्यांच्या एकट्यांच्या नावावर. कारण लिहितो. ही गाडी पाहायला जो आला त्याने एकच विचारले, "केवढ्याला जाईल?" चिरंजीवांनीही तेच विचारले. सूनबाई लग्न होऊन आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "बाबा, हिचा रिव्हर्स कुठं पडतो?" मी किल्ली दिली. पहिल्या दिवशी त्यांनी क्लच असा रडवला की मी गॅरेजमागे जाऊन उभा राहिलो. आता त्या चालवतात तेव्हा मी शेजारच्या सीटवर डुलकी काढतो. याहून मोठे सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

गाडी झाकून ठेवायची नाही. चालवायची. ओरखडा आला तर येऊ दे, पत्र्याचे दुखणे पत्र्याला बरे करता येते.

चिरंजीवांना गाडीत बसायचे असल्यास त्यांनी मागे बसावे. ज्या दिवशी ते चारचौघांत, शेठच्या देखत, मोठ्याने म्हणतील की ही गाडी माझ्या बापाने केली, त्या दिवसापासून पुढे बसावे. चालवायला द्यायची की नाही, हे सूनबाईंनी त्यांचे वागणे पाहून ठरवावे.

कलम ३. गाडीवर कोणाचीही पाटी लावू नये. माझीसुद्धा नको. ड्रायव्हरच्या सीटखाली, जिथे माझा तळ मूळ अंगाला मिळतो त्या कडेवर, शेठच्या माणसांनी कटरने केलेला वेडावाकडा काप मी वीतभर तसाच ठेवला आहे. गंजू नये म्हणून रंग दिला, पण भरला नाही. तो कुणी घासून साफ करू नये. शेठ पुन्हा "काम आमचं" म्हणाले तर सीट उचलून दाखवावी आणि सांगावे, हो, एवढं तुमचं.

कलम ४. माझा टॉर्क पाना मेहुण्यांकडे आहे. ते म्हणतात, परत केला. केलेला नाही. तो मी त्यांना या कलमान्वये बहाल करतो, म्हणजे निदान यापुढे तरी ते खरे बोलतील.

कलम ५. गॅरेज, जागेसकट, आणि आतली सगळी हत्यारे चिरंजीवांना. एक अट आहे. त्याआधी त्यांनी आईच्या न्हाणीघराचे दार स्वतःच्या हाताने बसवावे. माणूस बोलावायचा नाही. दार एका बोटाने मिटले पाहिजे, आणि बोट आईचे असेल. तिने हो म्हटल्यावरच किल्ली मिळेल. मी ते दार का केले नाही, असे विचारू नये. कामे वाटून घ्यायची असतात.

कलम ६. कुशनवाला हा या कागदावर साक्षीदार असल्याने त्याला काही ठेवता येत नाही. म्हणून माझी मोठी कात्री त्याला काल हातात दिली. त्याने ती आजच बोथट आहे म्हणून सांगितले.

कलम ७. मला शेवटचे न्यायची वेळ येईल तेव्हा या गाडीतून नेऊ नये. सीटांचे कापड फिकट आहे आणि माझे पाय मावणार नाहीत. दुसरी कुठलीही गाडी चालेल, शेठची सोडून.

येणेप्रमाणे मी हे राजीखुशीने लिहिले, वाचले, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

ठिकाण: गॅरेज, गाडीच्या उजव्या बाजूचे टेबल.
तारीख: १४ मार्च, शनिवार.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: कुशनवाला (सही). माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहे. हट्टी आहे, पण ते कायम असतं.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही). तपासले. बुद्धी स्थिर. रक्तदाब किंचित जास्त. शेठचा विषय निघाल्यामुळे असावा.

पुरवणी, त्याच बैठकीत, त्याच साक्षीदारांसमोर.

सह्या झाल्यावर कुशनवाल्याने कागद परत वाचला आणि म्हणाला, "अरे, बोली केली, नाही म्हणालो, एवढ्यावरच उरकलंस? आकडा कुठाय? उद्या शेठ म्हणेल, मी चहापाण्याचे देत होतो, मिस्त्री उगीच फुगला." त्याचे बरोबर आहे. म्हणून लिहितो.

शेठने माझ्या त्या सहीसाठी दोन गोष्टी देऊ केल्या. एक, चिरंजीवांना वर्कशॉपात चार आणे भागीदारी. हे बोलणे चिरंजीवांसमोर झाले. त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिले, आणि पाहून नाही म्हणालो. याचा त्यांना राग आहे. तो त्यांनी खुशाल धरावा, मला चालेल. पण कलम ५ पुन्हा वाचावे: मी दिलेल्या गॅरेजात ते सोळा आणे मालक आहेत आणि तिथे त्यांना कुणाचे काम आपले म्हणून सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट रोख रक्कम. त्याच दिवशी, याच टेबलावर, बंडले मांडून. ती मी हात न लावता परत केली. रुपये २२,००,०००, अक्षरी बावीस लाख फक्त.