फाइल मीच उघडणार

३ जून, सकाळी १०.१५
रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची नाही.

नवं काम: कान तपासण्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राच्या भागांकडून काम करून घेणारा प्रोग्राम. यंत्रातली आवाजाची चिप जन्मजात अडाणी. यंत्र सुरू झालं की तिला फर्मवेअरची, म्हणजे काम शिकवणाऱ्या सूचनांची, फाइल भरवायची, मग ती हेडफोनमध्ये बीप देते. रूढ पद्धत अशी, की ड्रायव्हरने कर्नलला, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीला, फक्त फाइलचं नाव सांगायचं, शोधून आणणार कर्नल. म्हणजे स्वतःच्या घरात पाणी प्यायला अर्ज करायचा. जमणार नाही. फाइल मीच उघडणार, पूर्ण पत्ता कोडमध्ये लिहून. एकशे चाळीस ओळी. पहिल्या झटक्यात चाललं. माझ्या लॅपटॉपवर.

५ जून
कोड कर्नलच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. या भागाची देखरेख करणारे एक गृहस्थ आहेत. कधी भेटलो नाही, पण मेलची भाषा बघून मी त्यांचं नाव हेडमास्तर ठेवलंय.

६ जून
हेडमास्तरांचं उत्तर. दोन ओळी. ड्रायव्हरने फाइल स्वतः उघडू नये. नाव सांगा, कर्नल आणून देईल. मी पानभर उत्तर लिहिलं. त्यात 'विनम्रपणे' हा शब्द चार वेळा.

बायको ग्रंथालयात नोकरीला आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडेही चिठ्ठी द्यायची असते, कपाटात हात घालायचा नसतो. घरातूनही पाठिंबा नाही.

९ जून
टेस्टिंगच्या ताई म्हणाल्या, यंत्र मुकं आहे. मी म्हटलं, तुमचं मशीन तपासा. त्यांनी मशीन नाही, माझा कोड तपासला. फाइलचा पत्ता माझ्या खासगी फोल्डरमधला आहे म्हणे, आणि ते फोल्डर जगात फक्त माझ्याकडे आहे. मी सुचवलं, माझ्या नावाचं एक फोल्डर तुम्हीही बनवा. त्यांनी बनवलं. यंत्र बोललं.

११ जून
नवीन तक्रार. यंत्र सुरू होताना माझा ड्रायव्हर आधी जागा होतो, फाइल असलेली डिस्क नंतर जोडली जाते. फाइल सापडणार कुठून? यात दोष डिस्कचा. तरी मोठ्या मनाने थांबायला पाच सेकंदांची मुदत टाकली. पुरेना. तीस केली. हेडमास्तरांनी विचारलं, एकतिसाव्या सेकंदाला डिस्क आली तर? खोडसाळ प्रश्न.

१३ जून
फाइल सापडली नाही की ड्रायव्हर लाल अक्षरांत एरर दाखवत होता. वाईट दिसतं. एरर बंद केली. आता काहीही झालं तरी स्क्रीनवर 'यंत्र तयार' असं हिरवं येतं. टेस्टिंगच्या ताईंना सांगितलं नाही. सुट्टीवर होत्या.

१५ जून
बाबा वर्षभर कान तपासून घ्यायचं टाळत होते. हाक मारली की तीनदा मारावी लागते, पण म्हणतात, तुम्ही लोक पुटपुटता. मंगळवारी यंत्र पहिल्यांदा दवाखान्यात लागणार, तेव्हा पहिले पेशंट तुम्हीच व्हा म्हटलं. विचार करून म्हणाले, तुझं यंत्र असेल तर येतो.

१८ जून, दुपारी ३
सकाळी दवाखाना. काचेची खोली, बाबा आत, कानांवर हेडफोन. डॉक्टरबाईंनी सांगितलं, बीप ऐकू आलं की हात वर करा. स्क्रीनवर 'यंत्र तयार'. बाबांनी हात वर केला नाही. डॉक्टरबाईंनी आवाज वाढवला. हात नाही. अजून वाढवला. बाबा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून बसले होते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

यंत्र बसवायला आलेल्या ताई माझ्याकडे बघत होत्या. दवाखान्यातल्या यंत्रावर त्यांनी सगळे प्रोग्राम नव्याने भरले होते. माझ्या नावाचं फोल्डर नव्हतं.

मी लगेच बोलायला हवं होतं. पद्धत माझीच बरोबर आहे, हे आधी मनात मांडून घेत होतो. त्यात मिनिट गेलं. चार गेली.

बाबा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, "इतकं गेलंय, मला वाटलं नव्हतं रे."

मी म्हटलं, "बाबा, तुमचे कान चालतात. माझा ड्रायव्हर मुका आहे."

त्यांना ऐकू गेलं नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं.

१९ जून
ताईंनी माझ्या एकशे चाळीस ओळी काढल्या. नऊ लिहिल्या. नाव सांगायचं, कर्नल आणून देतो. नाही सापडलं तर ड्रायव्हर स्पष्ट सांगतो. तत्त्वतः माझा विरोध कायम.

२१ जून
बाबांची पुन्हा तपासणी. उजवा कान ठणठणीत. डावा थोडा मंद.

२६ जून
हेडमास्तरांनी कोड स्वीकारला. 'छान काम' असंही लिहिलं. लेखक म्हणून ताईंचं नाव. खाली अडचण कळवणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत असते. तिथे ताईंनी बाबांचं लिहिलंय.

बाबांनी ते पान छापून आणायला लावलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, यात तुझं नाव कुठे आहे?

मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून हळूच सांगितलं.

त्यांनी पुन्हा विचारलं.